पाचवा मणी

मंगळवारी आणि शुक्रवारी एकहार्ट कारखान्यातून घरी येताना सायकलच्या कॅरिअरला एक चपटा पत्र्याचा डबा बांधून आणायचा. डब्यात साखळ्या असत. दोनशे साखळ्या, प्रत्येक साठ सेंटीमीटरची, आणि कागदाच्या पुडीत आठशे मणी, वर चार-दोन जास्तीचे. त्याची बायको इर्मेला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खिडकीकडे तोंड करून बसे, पितळी पट्टी पुढ्यात ओढी, पट्टीच्या टोकाच्या खिळ्याला साखळी अडकवी आणि ठरलेल्या खाचांपाशी एकेक मणी बारीक पकडीने दाबून बसवी. वीस, चोवीस, तीस, चाळीस. खट, खट, खट, खट. चार मणी बसले की साखळी तयार.

ज्या कॅमेऱ्याला या साखळ्या लागत तो मुठीत धरला तर दिसेनासा व्हावा एवढा लहान होता. तो ओढून उघडायचा आणि पुन्हा मिटायचा, की आतली फिल्म एक घर पुढे सरके. एका फिल्मवर पन्नास चित्रं, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढं. लांबचं काही टिपायला अंदाज पुरतो, पण पुस्तकाचं पान किंवा एखादं फूल जवळून टिपायचं तर दोन बोटांच्या चुकीने सगळं पुसट होतं. म्हणून साखळी. एक टोक कॅमेऱ्यात अडकवायचं, साखळी वस्तूपर्यंत ताणायची, जो मणी वस्तूला टेकेल त्याचा आकडा कॅमेऱ्यावरच्या चकतीवर लावायचा आणि बटण दाबायचं.

इर्मेलाला हा साधेपणा आवडायचा. ती मारबुर्गच्या विद्यापीठात दोन वर्षं पदार्थविज्ञान शिकली होती. लग्नानंतर बाळ होईपर्यंत तीन वर्षं तिने कारखान्याच्या चाचणी-खोलीत डोळ्याला भिंग लावून ती नखाएवढी चित्रं तपासली होती. जी गोष्ट मोजता येते तिची तिला भीती वाटत नसे. भीती वाटायची ती बाकीच्यांची, आणि आल्मुट झाल्यापासून बाकीच्या गोष्टी फार वाढल्या होत्या.

आल्मुट चार महिन्यांची होती आणि दोन महिन्यांची दिसत होती. टेबलाशेजारच्या बाकावर कपड्यांच्या टोपलीत ती पडून असायची, कुणाला त्रास न देता. इर्मेला दर दहा साखळ्यांमागे एकदा वाकून तिचा श्वास ऐकायची.

"दर दहाला ऐकतेस, मी मोजलंय," सासूबाई म्हणाल्या. त्या चुलीशी बसून बटाटे सोलत होत्या. लिनाबाई सत्तरीच्या होत्या, काळा घोळदार घागरा, डोक्याच्या अगदी माथ्यावर अक्रोडाएवढा अंबाडा. आज जिथे कॅमेरे बनतात त्याच इमारतीत त्यांनी तीस वर्षं सिगार वळल्या होत्या. "एवढासा तो कॅमेरा! आमच्या वेळी असता तर एखाद्या सिगारीत वळला गेला असता. कुणीतरी ओढला असता बिचारा."

"आणि म्हणाला असता, आज तंबाखू जरा कडक आहे," इर्मेला म्हणाली.

"हसतेस ते बरं दिसतं गं तुला. जरा जास्त हसत जा."

पण दर गुरुवारी शाळेच्या इमारतीत सिस्टर बाळांची वजनं करायला येई, आणि त्या दिवशी इर्मेलाला हसू यायचं नाही. काट्याचा दांडा आल्मुटच्या बाजूला झुकतच नसे. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सिस्टरबरोबर डॉक्टरही होते. त्यांनी पोरीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून पाहिली. "आणखी तीन आठवडे बघू," ते म्हणाले. "नाहीतर गीसनला, मुलांच्या इस्पितळात."

त्या इस्पितळात आईबापांना आत जाऊ देत नसत. बुधवारी आणि रविवारी अर्धा तास, काचेच्या पलीकडून मूल दाखवत. शेजारच्या क्रेमरबाईंच्या मुलाला तिथे सहा आठवडे ठेवलं होतं. बरा होऊन घरी आला, पण कितीतरी दिवस आईने जवळ घेतलं की तो आधी तळहात पुढे करायचा आणि तिच्या तोंडासमोरची हवा चाचपून पाहायचा.

"आमच्यात अशा पोराला मोजायचे," त्या दिवशी लिनाबाई म्हणाल्या. "अळशीच्या दोऱ्यानं. टाळूपासून टाचेपर्यंत."

"मोजून काय होतं?"

"मोजून काही नाही गं. तो दोरा त्याच्या गादीखाली ठेवायचा. घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच."

"आणि गेला तर?"

"जाईल कसा? कुठली आई जाऊ देईल?" लिनाबाईंनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला.

इर्मेलाचा दोऱ्यावर विश्वास नव्हता. तिला आकडा हवा होता. सिस्टर फक्त वजन करायची, लांबी कुणी बघत नव्हतं, आणि पोरगी निदान लांबीने तरी वाढत असेल अशी एक आशा तिने मनाच्या कोपऱ्यात जपून ठेवली होती. शुक्रवारी दुपारी लिनाबाई कोंबड्यांकडे गेल्या तेव्हा तिने हातातली साखळी आल्मुटच्या अंगाशेजारी सरळ ठेवली. टाचेशी टोक, टाळूशी बोट. छप्पन्न सेंटीमीटर. बोट तिथेच दाबून धरून ती साखळी टेबलावर आणते तोवर दुसऱ्या हाताने पकड उचललेली होती, आणि जे तो हात दर डब्यामागे आठशे वेळा करत होता ते त्याने आठशे एकाव्या वेळी केल्यासारखं सहज केलं. खट. छप्पन्नावर पाचवा मणी.

ती स्वतःशीच हसली. राहू दे, म्हणाली, आठवण म्हणून. तेवढ्यात दूध उतू गेलं, जळका वास सुटला, आल्मुट रडायला लागली. इर्मेलाने टेबल पुसलं, साखळ्या गोळा केल्या, डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकहार्ट डबा घेऊन गेला, आणि अकरा वाजता बाळाचे कपडे वाळत घालताना तिचे हात दोरीवरच थांबले.

लिनाबाईंना सांगितलं नसतं तर चाललं असतं. पण त्या घरात काही लपत नसे.

"मोजलंस," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर पाठवलंस."

"आई, साखळी आहे ती. कॅमेऱ्याची."

लिनाबाईंच्या हातातली बटाट्याची साल एरवी शेवटपर्यंत अखंड निघायची. ती मध्येच तुटली.

सोमवारी इर्मेला टोपलीसकट कारखान्यात गेली. दुरुस्ती आणि रवानगी दोन्ही लोट्सकडे होतं. दमेकरी, जाड चष्म्याचा, साठीला आलेला माणूस. पावसाळी हवेत त्या खोलीच्या भिंती अजूनही तंबाखूचा वास सोडायच्या आणि लोट्स खोकायचा.

"पाच मण्यांची?" तो म्हणाला. "बाई, माझ्या हाताखालून अर्धा मणी जास्तीचा असलेली साखळीसुद्धा सुटत नाही." तरी त्याने दोन मुलींना बसवून सगळे डबे उपसले. चार, चार, चार. शनिवारच्या डब्यातल्या साठ साखळ्या आधीच कॅमेऱ्यांबरोबर हॅम्बुर्गला गेल्या होत्या. तिथून कुठे, ते जहाजांना माहीत.

त्या आठवड्यात आल्मुटचं वजन दोनशे दहा ग्रॅम वाढलं. पुढच्या आठवड्यात दोनशे चाळीस. सिस्टरने काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला. डॉक्टरांनी मांडीची चिमूट घेतली आणि इस्पितळाचा विषय काढला नाही. लिनाबाईंनी त्या रविवारी केक केला, वर साखरेचा चुरा बोटभर जाड. एकहार्ट तीन तुकडे खाऊन म्हणाला, "माझी मुलगी लठ्ठ होणार आणि मी पण. दोघांना एका सायकलवर कसं नेणार गं तू?"

नोव्हेंबरच्या मध्यावर इर्मेलाला पहिल्यांदा ते दिसलं.

आल्मुट टोपलीत उताणी होती. उजवा हात वर, कोपरात ताठ. अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं. पाच महिन्यांच्या मुलांना अशी चिमूट जमत नाही, त्यांच्या मुठी असतात. आणि हात हवेत भिरभिरत नव्हता. पलीकडून कुणी हलकेच ओढून धरावं तसा ताणलेला होता. मध्येच किंचित पुढे खेचला जाई, आणि आल्मुट तो पुन्हा मागे घेई. ती खूश होती. तिच्या घशातून कबुतरासारखा आवाज येत होता.

इर्मेलाने डोळे पाहिले. तीन वर्षं चाचणी-खोलीत काढल्यामुळे नजर कुठे ठरली आहे ते तिला कळे. आल्मुट छताकडे बघत नव्हती. बुबुळं आतल्या बाजूला किंचित वळलेली होती, तोंडाशी वाकलेल्या माणसाकडे बघताना वळतात तशी. इर्मेलाने टेबलावरची एक साखळी घेतली आणि पोरीच्या नाकाच्या शेंड्यापासून धरली. नजर चोवीसच्या मण्यावर होती. तिने तिथे आपला तळहात धरला. आल्मुट तळहातातून पलीकडे बघत राहिली.

त्यानंतर ते रोजचं झालं. इर्मेलाने घरातल्या कॅलेंडरच्या कडेला बारीक खुणा करायला सुरुवात केली. कधी चोवीस, कधी तीस. बहुतेक सकाळीच. रविवारी कधीच नाही.

"बघ, तपासनीस होणार ही," एकहार्ट म्हणाला. "डोळ्याला भिंग न लावता."

"तुला विचित्र वाटत नाही?"

"इर्मेला, ती खाते, झोपते, हसते. मला विचित्र वाटायला आणखी काय हवं? न खाल्लं तर वाटेल."

एकदा टोपलीजवळून जाताना लिनाबाई थबकल्या आणि कुणाला तरी वाट द्यावी तसा घागरा सावरून बाजूने गेल्या. "हौशी आहे," त्या पुटपुटल्या. कोण, ते इर्मेलाने विचारलं नाही.

सतरा जानेवारीला आल्मुट पहिल्यांदा आपली आपण बसली. इर्मेलाने कॅलेंडरात त्या तारखेभोवती लाल गोल काढला.

फेब्रुवारी संपता संपता ते थांबलं. एका मंगळवारी आल्मुटने चिमूट उघडली आणि हात पांघरुणावर पडला. दुसऱ्या दिवशी तिने रव्याची पेज तोंडाबाहेर ढकलली. मग दूधही. ती रडत नव्हती. डोळे उघडे ठेवून पडून असायची, आणि ते कशावरच ठरायचे नाहीत. दोन गुरुवारांत नऊशे ग्रॅम उतरले. डॉक्टरांनी या वेळी चिमूट घेतली नाही. "सोमवारी सकाळी आठला," ते म्हणाले. "मी खाट ठेवायला सांगतो."

त्याच शुक्रवारी एकहार्ट डबा न घेता घरी आला. "लोट्सनं तुला बोलावलंय," तो म्हणाला. "म्हणतो, बायकोला सांग, तिची साखळी आली."

लोट्सने दार लावून घेतलं. टेबलावर एक कॅमेरा होता, पुसून तेल दिलेला, तरी माशाचा वास येत होता. शेजारी साखळी. त्याने पत्र पुढे केलं.

पत्र नॉर्वेहून आलं होतं, अगदी वरच्या टोकाच्या हामरफेस्टमधून. लिहिणारीचं नाव ओलाउग. शाळेतल्या वळणाचं, गोल, नीटस जर्मन.

"मला तुमची भाषा येते," तिने लिहिलं होतं, "ती कशी आली ते विचारू नका. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात तुमचं सैन्य जाताना आमचं गाव जळलं तेव्हा चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या वह्याही गेल्या. आजूबाजूच्या बेटांवर ज्या उरल्या त्यांच्या पानांची मी चित्रं काढून ठेवते. माझा भाचा खलाशी आहे, हा कॅमेरा त्याने आणून दिला. तो मी माशांच्या पिंपात पाडला. चूक माझी. कृपया स्वच्छ करून द्या. साखळी मात्र बदलू नका. ती लांब झाली आहे हे मला माहीत आहे. माझी तक्रार नाही. एकट्या बाईला पान धरायचं, कॅमेरा धरायचा आणि साखळीही ताणायची, तर हात पुरत नाहीत. ऑक्टोबरपासून दुसरं टोक धरायला कुणीतरी आहे. फार हलक्या हाताचं आहे. कधी कधी मस्करीत ओढतं. मी त्याच्यासाठी खिडकीत उशी ठेवली आहे. सतरा जानेवारीला ते पहिल्यांदा बसलं. फिल्म आतच राहिली आहे, तुम्ही पाहालच."

इर्मेलाने पत्र घडी करून ठेवलं. ती खुर्चीवर बसली नाही.

"मोजा," लोट्स म्हणाला.

तिने साखळी पट्टीवर लावली. वीस, चोवीस, तीस, चाळीस. चारही मणी खाचांत चपखल बसले. पाचवा मणी पट्टी संपली तरी पुढेच होता. लोट्सने दुसरी पट्टी जोडली. सदुसष्ट. साखळीचं टोक एकाहत्तरावर.

"कड्या मोजल्या मी," लोट्स म्हणाला. "तीनदा. नव्या साखळीत जेवढ्या असतात तेवढ्याच. भिंगाखाली घातल्या. प्रत्येक कडी तेवढीच." तो खोकला. "तुमची पोरगी केवढी झाली हो?"

"सदुसष्ट," इर्मेला म्हणाली. तिने बुधवारीच मोजलं होतं, शिंप्याच्या फितीने.

फिल्म त्याने धुतली होती. तिने भिंग डोळ्याला लावून पट्टी उजेडाकडे धरली. पहिली पंधरा-वीस चित्रं वह्यांच्या पानांची, तिरक्या अक्षरांतली नावं, काही नावांपुढे क्रूस. मग खिडकी आणि उशी. पांढरी, पिसांची, फुगीर. उशीवर काहीच नव्हतं. मधोमध एक खळगा होता, डोकं टेकल्यावर पडतो तसा. पुढच्या चित्रात तो जरा मोठा. एकतिसाव्या चित्रात खळगा रुंद आणि खोल झाला होता, मागे पाठ टेकल्याची वळी. आणि त्या सगळ्या चित्रांत साखळी दिसत होती, कॅमेऱ्यापासून उशीपर्यंत, हवेत सरळ.

"नियमाप्रमाणे ही भंगारात जायला हवी," लोट्स म्हणाला. "मापाबाहेरची आहे."

"टाकू नका."

"मी कुठे टाकतोय? सोमवारपर्यंत मला काही आठवत नाही. न्या."

घरी लिनाबाईंनी साखळी दोन्ही हातांवर घेतली, नवजात मूल घ्यावं तशी, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. "आली बघ घरी. आता सगळं ठीक होईल." त्यांनी ती आल्मुटच्या गादीखाली सारली. इर्मेलाने अडवलं नाही. त्या संध्याकाळी तिने कशालाच अडवलं नसतं.

शनिवारी सकाळी आल्मुटने तोंडसुद्धा उघडलं नाही. तिचं कपाळ थंड होतं. लिनाबाईंनी साखळी काढून एक टोक तिच्या बोटांत दिलं. "तू दुसरं धर," त्या इर्मेलाला म्हणाल्या. "आई आहेस. तू धर."

इर्मेलाने धरलं. अगदी हलक्या हाताने ओढलं. साखळी पोरीच्या बोटांतून सरकली आणि पांघरुणावर पडली. तिने पुन्हा दिली, बोटं आपल्या हाताने मिटवली, पुन्हा ओढलं. पुन्हा पडली. आल्मुटचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून गेले, खिडकीवरून गेले, भिंतीवरून गेले.

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आई," इर्मेला म्हणाली, "शनिवारी पोस्ट बाराला बंद होतं."

लिनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या आणि कपाटातून जाड सुतळीचं रीळ घेऊन आल्या. "घट्ट बांध," म्हणाल्या. "बोटीवर ओलं होतं सगळं."

इर्मेला सायकलवरून कारखान्यात गेली, लोट्सकडून कॅमेरा घेतला, साखळी त्यात अडकवली, खोकं बांधलं. पाठवणाऱ्याच्या जागी तिने घरचा पत्ता घातला. चिठ्ठीत लिहिलं: "कॅमेरा स्वच्छ केला आहे. साखळी बदललेली नाही." पेन उचललं, पुन्हा टेकवलं. "तिला डाव्या कुशीवर झोपायला आवडतं."

सोमवारी सकाळी आठ वाजता तिने आल्मुटला इस्पितळाच्या दारात एका परक्या बाईच्या हातात दिलं.

बुधवारी काचेपलीकडे चौथ्या खाटेवर ती होती. नाकात नळी होती. रविवारीही तशीच. एकहार्टने टोपी हातात घेऊन अर्धा तास काचेवर कपाळ टेकवलं, आणि परतताना बसमध्ये त्याने एकही विनोद केला नाही.

पुढच्या बुधवारी इर्मेला एकटी गेली. तीन वाजता पडदा सरकला.

आल्मुट उताणी होती. डोळे उघडे.

इर्मेलाने काचेवर हात ठेवला. बाजूला दुसऱ्या आया होत्या, कुणी हात हलवत होत्या, कुणी रडत होत्या.

सव्वातीनला आल्मुटचं बोट हललं.

मग हात उठला. हळूहळू, जड वस्तू उचलावी तसा. कोपर ताठ झालं. अंगठा आणि पहिलं बोट जुळलं.

हात पुढे खेचला गेला.

आल्मुटने तो मागे ओढला.

बुबुळं आत वळली आणि ठरली. इर्मेलाला मोजायची गरज नव्हती. चोवीस.

नर्स दुधाची बाटली घेऊन आली. खाटेच्या कडेला पोचण्याआधी ती एक पाऊल बाजूला सरकली, वाटेत उभ्या असलेल्या माणसाला वळसा घालावा तशी, आणि तिला ते कळलंही नाही. तिने बाटली लावली. आल्मुट प्यायली. पिता पिता ती हसली, दूध गालावरून ओघळलं. काचेतून आवाज येत नव्हता.

इर्मेलाने काच वाजवली.

आल्मुटने बघितलं नाही.

"माझी मुलगी," इर्मेला शेजारच्या बाईला म्हणाली. बाईला वाटलं ती आनंदाने रडते आहे, आणि तिने तिचा हात दाबला. ते खोटंही नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आल्मुट घरी आली, जड आणि लालबुंद. आईला तिने लगेच ओळखलं, गळ्यात हात टाकले, नाक ओढलं. हवा चाचपली नाही. इर्मेला तिला मांडीवर घेऊन मणी बसवायची आणि सकाळी ठरावीक वेळी पोरीने हात पुढे केला की आपली पकड खाली ठेवून गप्प बसून राहायची, त्या दोघींचं होईपर्यंत. कधी कधी तिला राग यायचा. मग पोरीच्या मांडीवरच्या वळ्या मोजायची आणि राग गिळायची. लिनाबाई म्हणायच्या, "मला तरी कुठे आवडायचं, एकहार्ट तुझ्या मागे फिरायचा तेव्हा? घेतलं सोसून."

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हामरफेस्टहून पत्र आलं. या वेळी घरच्या पत्त्यावर. लिनाबाई अंगणात आल्मुटला धरून चालवत होत्या, किंवा आल्मुट त्यांना. इर्मेलाने ते खिडकीशी उभं राहून वाचलं.

"कॅमेरा छान चालतो," ओलाउगने लिहिलं होतं. "डाव्या कुशीचं सांगितलंत ते बरं केलंत, मी उशी त्या बाजूला वळवली. वह्यांचं काम संपलं. आता टिपण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी रोज सकाळी मी साखळी टेबलावर ठेवते. गेल्या मंगळवारपासून पोर चालते. तुमच्याकडेही चालत असेल. तुम्ही तिची फार काळजी करता असं मला वाटतं. करू नका. आपण दोघी आहोत. दुसरी उशी शिवायला घेतली आहे, पहिलीपेक्षा लहान. पिसं इथे हळूहळू जमतात, पण मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत होईल. तोवर व्हायला हवी ना?"

इर्मेलाने पत्र पुन्हा वरून वाचायला घेतलं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती, बावीस ऑगस्ट.

तिची पाळी चुकली होती सत्तावीसला. तिने ते अजून एकहार्टलाही सांगितलं नव्हतं.